कडू घासाचं पातेलं

आनंदराव गेले त्या रविवारी सकाळी माझ्या मनात पहिल्यांदा काय आलं असेल, तर पिठलं. शेजारचा माणूस गेला, आधी डोळ्यांत पाणी नको का यायला? तेही आलं, पण मागून. आधी आलं ते पिठलं. कारण या वेळी पाळी माझी होती.

भोरच्या पेठेत आमची खायची ठिकाणं सात. पन्नास गावांत एकाच नावाच्या पन्नास पाट्या, असला प्रकार आमच्यात नाही. एक घर, एक भट्टी, एक चव. आनंदरावांची मिसळ आणि भजी, समोर सोमनाथची भेळ, कोपऱ्यावर चहा-खारी, आणि आनंदरावांच्या उजव्या हाताला माझी खानावळ. मटण, चिकन, अंडाकरी, भाकरी. पेठेचा नियम असा की एकाच्या ताटातलं दुसऱ्यानं विकायचं नाही. माझ्याकडं कुणी भजी मागितली तर मी बोट दाखवून शेजारी पाठवते. त्यांच्याकडं कुणी मटण मागितलं तर आनंदराव गल्ल्यावरून उठून त्याला माझ्या दारापर्यंत सोडायचे. हा नियम त्यांनीच घातलेला, आणि म्हणून आम्ही सात जण एकमेकांच्या उरावर न बसता जगलो.

दुसरा नियम त्यांच्याही आधीचा. पेठेतल्या हॉटेलवाल्याच्या घरात मयत झालं की नदीवरून माणसं परत येईपर्यंत साऱ्यांच्या भट्ट्या बंद. आणि उजव्या हाताच्या शेजाऱ्यानं त्या घरी कडू घास पाठवायचा. मयताच्या घरी चूल पेटत नाही, तेव्हा बाहेरून जे पहिलं जेवण जातं तो कडू घास. पिठलं आणि भाकरी. त्यात हौसमौज नसते, पण ज्याचा घास जातो तो त्या घराचा झाला असं पेठेत मानतात.

आता सरळच सांगते, उगाच आडपडदा कशाला. आम्ही बौद्ध. पेठेत हे सगळ्यांना ठाऊक आहे आणि कुणी बोलत नाही. माझ्या खानावळीत सगळ्या आळ्यांची माणसं येतात, रस्सा दोनदा मागतात, बोटं चाटून जातात. पण पैसे टाकून मटण खाणं वेगळं आणि घरातलं माणूस जाळून आल्यावर माझ्या हातची भाकरी घशाखाली उतरवणं वेगळं. माहेरी किकवीला माझ्या आज्यानं मयताचे निरोप घेऊन गावोगाव पायपीट केली. गावात कुणीही गेलं तरी निरोप आमच्या आळीनं पोचवायचा. भाकरी मात्र आमच्या आळीतून कुणाच्या मयताला कधी गेली नाही. निरोप चालायचा, भाकरी चालायची नाही.

मी स्टँडमागच्या बोळातून पेठेत आले त्याला चार वर्षं झाली. हा गाळा मला मिळावा म्हणून आनंदरावांनीच मालकाकडे शब्द टाकला होता, हेही खरं. आम्ही सगळे त्यांना अण्णा म्हणायचो. रोज सकाळी पेपर घेऊन ते माझ्या दारातल्या बाकड्यावर यायचे. त्यांच्या हॉटेलात ऊन लवकर येतं, माझ्या दारात सावली असते, म्हणून. तासभर बसायचे. पण चार वर्षांत त्यांनी माझ्याकडचा एक घास घेतला नाही. गळ्यात माळ होती, त्यामुळं मटणाचा प्रश्नच नव्हता. एकदा मी घरून मुद्दाम पिठलं-भाकरी करून आणली, मटणाच्या भांड्यांचा वाराही लागू दिला नाही. तर म्हणाले, आज पोट भरलंय गं. पुन्हा मी विचारलं नाही. पण ती माळ खरी की निमित्त, हा किडा माझ्या डोक्यात चार वर्षं वळवळत राहिला.

तर तो रविवार. पहाटे त्यांच्या छातीत दुखलं आणि दवाखाना गाठायच्या आत सगळं संपलं. आठ वाजता सात दुकानांची शटरं खाली. रविवार म्हणजे आमचा धंद्याचा दिवस. राजगडाला जाणारे ट्रेकवाले, पुण्याचे फिरायला आलेले, वर राजवाड्यात कुठल्याशा मालिकेचं शूटिंग. त्या शूटिंगचा माणूस दीडशे वडे मागत या दारातून त्या दारात फिरत होता. दुप्पट भाव देतो म्हणाला. सोमनाथनं त्याला सांगितलं, आज दहापट दिलास तरी पेठेत धूर निघायचा नाही. तो माणूस आमच्याकडे वेड्यांकडे बघावं तसा बघत गेला.

मी खानावळीत शिजवलं नाही. घरी गेले. नवा तवा काढला, माळ्यावरचं आईचं पितळी पातेलं खाली घेतलं. त्याला दिवाळीतच कल्हई केली होती आणि पोटावर आईचं नाव कोरलेलं आहे. आमचे हे, म्हणजे जगन, एसटी डेपोत मेकॅनिक आहेत. त्या दिवशी सुट्टी असून दारात उभे राहून माझी धावपळ बघत होते. म्हणाले, स्टीलचं पातेलं ने की, एवढं जड कशाला. मी म्हटलं, तुम्हाला कळायचं नाही. खरं तर मलाही नीट कळत नव्हतं. जो घास जायचा तो चांगल्या भांड्यातून जावा, एवढंच होतं मनात. माझ्याकडे भाकऱ्या थापायला असणारी सरूबाई आली. तिनं पंचवीस भाकऱ्या थापल्या. तिची एक खोड आहे, भाकरी तव्यात टाकता टाकता कडेला अंगठा दाबते. त्यामुळं तिची भाकरी हजारांत ओळखू येते.

माणसं नदीवरून परतल्यावर आम्ही दोघं वर गेलो. हॉटेलच्या वरच्या मजल्यावरच त्यांचं घर. यांच्या हातात पातेलं, माझ्या डोक्यावर दुरडी. जिन्याच्या तोंडाशी आनंदरावांची सून अश्विनी आली, तिनं दोन्ही घेतलं. आत खोली माणसांनी भरलेली. दाराजवळ अण्णांची थोरली बहीण बसली होती, भिमाआत्या. तिनं पातेल्याकडं बघितलं, मग माझ्याकडं, आणि मला आत जायला भरपूर जागा असताना गुडघे जवळ ओढून घेतले. मग कुणालाच उद्देशून म्हणाली की अशा वेळी अन्न कुणाला गोड लागतंय. मी हात जोडून खाली आले. उतरताना यांनी माझ्याकडं बघितलंच नाही.

आमच्या आळीत रीत अशी की मयताच्या घरी जेवण नेलं की ज्याचं त्यानं त्याच संध्याकाळी जाऊन भांडी उचलून आणायची. त्या घरावर भांडी घासायचा भार नको. मी पाच वाजल्यापासून जिन्याकडं डोळे लावून होते. वर जाऊ की नको? बोलावतील का? साडेपाचला एक टेम्पो आला आणि त्यातून दोघांनी स्टीलचे मोठे डबे उतरवून वर नेले. सोमनाथनं बातमी आणली की आत्याच्या गावाहून जेवण आलंय. त्याच्या तोंडाला कधी कुलूप नसतं. पेठेत काय घडलं ते पेपरच्या आधी त्याच्याकडं छापून येतं.

मी वर गेले नाही. डबे आले म्हणजे माझं पिठलं कुठं गेलं असेल, हे कळायला काय शाळा शिकावी लागते?

सोमवारी खानावळ उघडली. सकाळी दहाला सोमनाथ भेळेचा कांदा कापता कापता रस्ता ओलांडून आला आणि विचारलं की पातेलं आलं का. मी म्हटलं, येईल. तर म्हणाला, लॉजवाला गेला तेव्हा कडू घास माझ्याकडून गेला होता, माझं भांडं दुसऱ्या दिवशी सकाळी घासूनपुसून दारात. आणि मग जीभ चावल्यासारखं करून, असेल काही कामात, असं म्हणत परत गेला. आगीत तेल ओतायचं आणि वर धूर कसला म्हणून विचारायचं, हा त्याचा जन्माचा धंदा.

त्या दिवशी मी रश्श्यात मीठ दोनदा घातलं. सारोळ्याचा एक ट्रकवाला, चार वर्षांचं जुनं गिऱ्हाईक, पहिल्या घासाला थांबला आणि माझ्याकडं असं बघायला लागला, जसं मी त्याच्याशी भांडण उकरून काढलंय. मी ताट उचललं आणि त्याला अंडाकरी दिली. सरूबाई काठवटीपाशी बसून सगळं बघत होती. तिनं विचारलं, बाई, काय हुडकताय रस्त्यावर? मी म्हटलं, काही नाही.

मंगळवारी नगरपालिकेची कचऱ्याची गाडी गाणं वाजवत आली. मी काय केलं ते सांगायला लाज वाटते, पण सांगते. अश्विनी कचऱ्याची बादली घेऊन खाली आली, आणि मी माझी बादली उगाच अर्धी भरलेली घेऊन तिच्या शेजारी जाऊन उभी राहिले. तिच्या बादलीत वाकून बघितलं. पत्रावळी होत्या, चहाचे कागदी कप होते, फुलं होती. भाकरी नव्हती. मला बरं वाटायला हवं होतं, पण मी मनात म्हटलं, रविवारीच टाकून झालं असणार, आज कशाला राहतंय. खाई त्याला खवखवे म्हणतात. मला न खाताच खवखवत होतं.

बुधवारी कुत्रं आलं.

दुपारची गर्दी ओसरलेली. मी हात पुसत दारात आले, तर चहावाल्याच्या फळीखाली एक पिवळं कुत्रं वाळलेली भाकरी पायात धरून चावत बसलेलं. मी पायात चप्पल नसताना त्याच्याकडं गेले. ते भाकरी तोंडात धरून उठलं आणि पळालं. मीही मागं गेले. भर पेठेत, पन्नाशीची बाई, पदर कमरेला खोचलेला, एका कुत्र्याच्या मागं. भांड्याच्या दुकानासमोर त्याला दुसरं कुत्रं आडवं आलं, भांडणात भाकरी पडली आणि मी उचलली. कडेला अंगठ्याचा ठसा होता.

ती सरूबाईचीच भाकरी होती. माझ्या खानावळीतली नव्हे, कारण खानावळीत आम्ही बाजरीची करतो आणि ही ज्वारीची होती. ज्वारीच्या फक्त पंचवीस झाल्या होत्या, रविवारी, माझ्या घरी.

मी ती भाकरी परत रस्त्यावर ठेवली. कुत्र्याचा काय दोष? त्यानं तरी खाल्ली.

घरी यांना सांगितलं तेव्हा हे बराच वेळ पान्यानं तळहात खाजवत बसले. हा माणूस घरीही खिशात पाना घेऊन हिंडतो. मग म्हणाले, छाया, आपण दिलं, आपलं काम झालं, त्यांनी काय केलं ते त्यांच्यापाशी. शहाणपणाचं बोलणं होतं. पण शहाणपण आणि राग यांची माझ्या घरात कधी भेट होत नाही. मी म्हटलं, भाकरी त्यांच्यापाशी राहू दे, माझ्या आईचं पातेलं का त्यांच्यापाशी? गुरुवार मी कसा काढला, माझं मला माहीत. हात कामाला आणि डोळे जिन्याला.

शुक्रवारी दुपारी तीनला मी गॅस बंद केला आणि वर गेले.

खोलीत अण्णांचा फोटो, फोटोपुढं दिवा, सतरंजीवर दहा-बारा माणसं. मुलगा गोरख डोकं भादरलेला, भिंतीला टेकून. सखूबाई, अण्णांची बायको, आमच्या काकी, कोपऱ्यात. आठवड्यात बाई निम्मी झाली होती. दाराजवळ भिमाआत्या, तिथंच, जशी रविवारपासून हललीच नव्हती. मी काय बोलायचं ते जिना चढताना चार वेळा घोकलं होतं. गोड शब्दांत, हळू आवाजात. आणि तोंड उघडलं तर तसलं काहीच आलं नाही.

"काकी, माझं पातेलं न्यायला आले."

अश्विनीनं मान खाली घातली. गोरख उठता उठता म्हणाला, "ताई, देतो की. दोन दिस थांबा फकस्त."

"दोन दिसानं काय हुनार हाय?" मी म्हटलं. "टाकलं असंल तर टाकलं म्हना. माझं काय म्हननं न्हाई. पातेलं तेवढं आईचं हाय, ते द्या."

बोलले आणि मलाच माझा आवाज ऐकू आला. दुखवट्याच्या घरात, दिव्यासमोर, मी भांड्यासाठी उभी होते. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. भिमाआत्या शेजारणीला म्हणाली की मयताच्या घरी भांडी मागायला येण्याची ही नवी रीत तिला आजच कळली. मी तिच्याकडं वळणार, तेवढ्यात सखूबाई भिंतीला धरून उठल्या. त्यांनी माझं मनगट धरलं आणि म्हणाल्या, "चल वर."

गच्चीवर पत्र्याची एक शेड आहे. तिथं हॉटेलच्या मिरच्या वाळवतात. शेडच्या कोपऱ्यात माझं पातेलं होतं, लख्ख घासलेलं, वर ताट झाकलेलं, ताटावर दगड. सखूबाई दमल्या होत्या, तशाच खाली बसल्या. दगड काढला, ताट काढलं. आत चार भाकऱ्या होत्या. वाळून खडखडीत झालेल्या, कडेला अंगठ्याचे ठसे.

"पिठलं म्या दुसऱ्या दिवशी सकाळी संपावलं," त्या म्हणाल्या. "चांगलं झालं व्हतं. मीठ जरा कमी."

मग त्यांनीच सावकाश सांगितलं. रविवारी गोरख जेवला, अश्विनी जेवली, त्यांच्या आळीतले चौघं-पाचजण जेवले. बाकी कुणी हात लावला नाही. टेम्पोतलं जेवण आलं आणि सगळे तिकडं वळले. बुधवारी सकाळी भिमाआत्यानं दुरडीतली एक भाकरी उचलून खिडकीतून कुत्र्याला टाकली, शिळी झाली म्हणाली. तेव्हा सखूबाई उठल्या, दुरडी घेऊन वर आल्या आणि उरलेल्या भाकऱ्या पातेल्यात झाकून ठेवल्या.

"कडू घास टाकायचा नसतो," त्या म्हणाल्या. "परत धाडायचा नसतो. कुनी खाल्ला न्हाई तर ज्याचं मानूस गेलं त्यानं संपवायचा. रोज दोन-तीन खाते, पान्यात भिजवून. दात न्हाईत मला, येळ लागतो. भांडं रिकामं झाल्याबिगर तुला कसं देऊ?"

मी त्या शेडच्या फरशीवर बसले. रडू आलं, ते लपवलं नाही. सहा दिवस मी कचऱ्याच्या बादलीत वाकत होते, कुत्र्यामागं धावत होते, आणि बुधवारपासून ही बाई माझ्या डोक्यावर, दोन मजल्यांवर, माझी भाकरी पाण्यात भिजवत बसली होती. मला तिच्या पायावर डोकं ठेवावंसं वाटलं. आणि त्याच वेळी माझा रागही गेला नव्हता. गेला असता तर मी छाया कसली? आता समोर कुणीतरी खरं बोलणारं होतं, म्हणून चार वर्षांचा तो किडा बाहेर काढला.

"अण्णा माझ्या बाकड्यावर रोज बसले, काकी. कदी एक घास घेतला न्हाई. माळंमुळं?"

सखूबाईंनी भाकरीवरची मुंगी बोटानं काढली.

"माळ व्हती, ते खरं," त्या म्हणाल्या. "पर पिठल्याला माळ आडवी येत न्हाई. ते भीत व्हते. देवाला न्हाई. खाली बसल्यात ना, त्यांना. तुज्या बाकड्यावरनं घरी आले की मला सांगायचे, आज छायाकडं काय शिजतंय ते. नुसता वास घेऊन यायचे." मग हळूच म्हणाल्या, "त्यांच्या वाटचं पन मीच खाते."

गाळ्यासाठी शब्द टाकायला माणूस घाबरला नाही आणि एक घास खायला घाबरला. मला त्यांची कीव आली आणि त्या किवेचा संताप आला. मेलेल्या माणसाशी भांडता येत नाही. जिवंत माणसाशी येतं. मी विचारलं, "मग तुमी वर येऊन का खाता, काकी?"

हे मी विचारायला नको होतं, असं क्षणभर वाटलं. तीन दिवस वाळलेल्या भाकऱ्या चावणाऱ्या, दात नसलेल्या बाईला आणखी काय मागायचं? पण विचारलं ते खरंच होतं. अण्णा वास घेऊन गप्प राहिले आणि या घास घेऊन गप्प. खालच्या माणसांना दोघांचंही काही कळलं नाही. त्यांच्या लेखी माझी भाकरी कुत्र्यानंच खाल्ली.

सखूबाईंनी माझ्याकडं बघितलं. रागावल्या असं मला वाटलं. त्यांनी ताट पातेल्यावर झाकलं, दगड बाजूला ठेवला, आणि पातेलं दोन्ही हातांनी उचलायला लागल्या. जड होतं. मी हात पुढं केला तर मानेनंच नको म्हणाल्या. पातेलं पोटाशी धरून एकेक पायरी उतरल्या. मी मागं, हात पुढं करून, पडल्या तर धरायला.

खोलीत गोरख उठून उभा राहिला. सखूबाई कोपऱ्यात आपल्या जागी गेल्या नाहीत. खोलीच्या मधोमध, अण्णांच्या फोटोसमोर बसल्या, पातेलं पुढ्यात ठेवलं, ताट काढून मांडीजवळ ठेवलं. अश्विनीला म्हणाल्या, पाणी आण. अश्विनीनं तांब्या आणला. त्यांनी भाकरी मोडली. ती मोडल्याचा आवाज त्या खोलीत सगळ्यांना ऐकू गेला. तुकडे ताटात घेतले, वर पाणी ओतलं, बोटांनी कालवलं आणि पहिला घास तोंडात घातला. मग नुसत्या हिरड्यांनी, सावकाश, अण्णांच्या फोटोकडं बघत खात राहिल्या. कुणाला जेवायला बसा म्हणाल्या नाहीत.

गोरख थोडा वेळ तसाच उभा होता. मग आईच्या शेजारी मांडी घालून बसला आणि त्यानं पातेल्यात हात घातला.

मी दाराकडं निघाले. भिमाआत्या चौकटीला टेकून बसली होती. या वेळी तिनं गुडघे ओढून घेतले नाहीत, विसरली असेल. माझे दोन्ही हात मोकळे बघून तिनं विचारलं, "मग? पातेलं न्यायचं व्हतं ना?"

"ऱ्हाऊ द्या," मी म्हटलं. "काकींचं जेवान व्हायचंय अजून."